दांडीवरचं फडकं

डिम्प्ना टुहीला नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, पण तिच्या मुलखात पहिल्या दोन 'नाही' कुणी धरतच नाही. चहा हवा का विचारलं की नको म्हणायचं, पुन्हा विचारलं की खरंच नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारेपर्यंत कप हातात आलेला असतो. क्लेअर परगण्याच्या पूर्व भागात, डर्ग सरोवराच्या काठच्या गावांत हे प्रत्येक पोर आईच्या दुधाबरोबर शिकतं. 'करतो की' म्हणजे करणार नाही. 'बघू या' म्हणजे कधीच नाही. आणि 'छान झालंय' म्हणजे काहीही. डिम्प्ना याच भाषेत वाढली, आणि शेवटी तिची कोंडी झाली तीही याच भाषेत.

तिचं काम सांगायला सोपं होतं. टीव्हीवर कोलमन हॅसेट स्वयंपाक करायचा तेव्हा कॅमेऱ्यासमोर भट्टीत गेलेला पाव कधीच बाहेर येत नसे. आत जायचा तो एक, बाहेर यायचा तो दुसरा. तो दुसरा डिम्प्नाचा. कोलमन पातेल्यावर झाकण ठेवून म्हणायचा, "आता तासभर मंद आच," आणि पुढच्याच क्षणी झाकण उचलायचा तर आत मटण हाडापासून सुटलेलं. देशातल्या बायांना वाटायचं, वेळ या माणसाच्या खिशात आहे. तो तास डिम्प्नाने पडद्यामागे उभ्याने काढलेला असायचा. तिच्या आयुष्याचे बरेचसे तास असेच, दोन दृश्यांच्या मधून कापून टाकलेले.

दोघं एकाच गावची, क्लूनगारची. कोलमन विधवेचा एकुलता मुलगा. लंडनच्या हॉटेलांत भांडी घासून, पुढे स्वित्झर्लंडात शिकून परत आला तो मानेवर रुळणारे केस आणि चामड्याच्या गुंडाळीतल्या सुऱ्या घेऊन. सरोवराकाठच्या धान्याच्या जुन्या कोठारात त्याने खानावळ काढली आणि हाताला लागली की आग होणाऱ्या खाजऱ्या रानपाल्याची कोवळी पानं घालून केलेलं सूप विकायला लागला. लोक आधी हसायला आले. आमच्या आज्या दुष्काळात खायच्या ते हा पैसे घेऊन वाढतो, म्हणाले. मग डब्लिनहून मोटारी येऊ लागल्या, तेव्हा हसणारेच रविवारी कोट घालून रांगेत उभे राहिले. नंतर रेडिओ झाला, मग टीव्ही. टीव्हीवाल्यांनी विचारलं, मदतीला कोण हवं? डिम्प्ना तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींच्या शाळेत मुलींना स्वयंपाक शिकवत होती. कोलमन म्हणाला, टुहींची डिम्प्ना द्या, तिच्या हाताला आमच्या गावचं पाणी आहे.

तो पडद्यावर दिसला की घर उजळायचं, हे डिम्प्नाही मान्य करायची. मोठ्या हाडाचा, तांबूस चेहऱ्याचा, बोलता बोलता लोण्याने माखलेली बोटं स्वतःच्याच एप्रनला पुसणारा. मीठ तो खांद्याच्या उंचीवरून टाकायचा, पेरणी केल्यासारखं. शेवटी पळीभर चाखायचा, डोळे मिटायचा, जरा थांबायचा आणि हलकेच म्हणायचा, "आता घरी आलो." झालं. सारा देश शनिवारी संध्याकाळी त्या तीन शब्दांची वाट बघायचा. टॅक्सीवाले त्याला बघितलं की काच खाली करून तेच म्हणायचे. प्रेतयात्रेहून परतलेल्या माणसांना चहाचा पहिला घोट घेताना ते आठवायचं. पुस्तकं झाली, मुरंब्याच्या बाटलीवर त्याचा चेहरा आला, विमानतळावर त्याच्या नावाचं लोणी विकलं जाऊ लागलं. आणि दर शनिवारी दुसरा पाव डिम्प्नाच भाजत राहिली. तिचं लग्न झालं नाही. सरोवराकाठच्या बापाच्या घरात वर्षातून एखादा पंधरवडा ती राहायची, खिडक्या उघडायची, ओल पुसायची, पुन्हा बंद करायची.

मग एका हिवाळ्यात कोलमन मासळीच्या धक्क्यावर घसरला. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. आठवडाभर इस्पितळात राहून हसत बाहेर आला, टीव्हीवाल्यांनी फुलं पाठवली. महिनाभराने चित्रीकरणाच्या मधल्या सुटीत त्याने डिम्प्नाला हाताला धरून कोठीत नेलं, दार लावलं आणि कांद्याची फोड तोंडात टाकून चावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसासारखा, कुठे जायचं ते विसरलेला.

"काही नाही," तो म्हणाला. "पाणी चावतोय."

वास गेला होता आणि वासामागून चवही. डॉक्टरच्या मते खारट-गोड तरी जिभेवर राहायला हवं होतं. याचं का गेलं ते डॉक्टरलाही सांगता येईना. परत येईल का? डॉक्टरने खिडकीबाहेर बघितलं. त्या मुलखात तेही एक उत्तर आहे.

डॉक्टर सोडला तर हे दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मग फडक्याची युक्ती निघाली. कोलमनच्या ओट्यापुढे भट्टी, भट्टीच्या दाराला पितळी दांडी. डिम्प्ना दृश्यांच्या मध्ये ओटा पुसायला आत यायची, जाता जाता पातेल्यातलं थेंबभर जिभेवर घ्यायची. मीठ पुरे झालं असेल तर निळ्या पट्ट्यांचं फडकं दांडीवर टांगून जायची. दांडी मोकळी असेल तर अजून एक चिमूट. फडकं दिसलं की कोलमन तरीही हात खांद्यापर्यंत न्यायचा, बोटं चोळायचा, पण बोटांत काही नसायचं. रिकाम्या बोटांतून तो नसलेलं मीठ इतकं सुरेख टाकायचा, की बघणाऱ्याला ते पडताना दिसायचं. मग पळी, मिटलेले डोळे, आणि ते तीन शब्द. डिम्प्ना अंधारात वायरींच्या गुंत्याजवळ उभी राहून ते ऐकायची. पूर्वी तो डोळे मिटून गप्प राहायचा तेव्हा आत काहीतरी चाललेलं असायचं. आता ती शांतता म्हणजे घर पाडल्यावर उरलेली जागा होती, आणि त्या जागेवर उभा राहून तो म्हणायचा, घरी आलो.

तिला भीती होती ती नाताळची. टीव्हीवाल्यांच्या डोक्यात थेट कार्यक्रम होता. मोठं टेबल, पाहुणे, कोलमन शिजवणार आणि ते तिथेच खाणार, मध्ये दृश्यांची कापाकापी नाही. ओटा पुसायला डिम्प्ना कुठून येणार? एक पदार्थ बिघडला की देशासमोर बिघडणार, आणि मग मागची सगळी वर्षं लोक उकरून काढणार. ती त्याला शरद ऋतूभर सांगत होती: थांब. लोकांना तू हवासा वाटतोयस तोवरच हे सगळं बंद कर. त्याने एकदाच चिडून विचारलं, थांबून करू काय? पण अखेर तो कबूल झाला. नोव्हेंबरात क्लूनगारच्या सभागृहात त्याचा स्वयंपाक ठेवला होता, दफनभूमीची पडलेली भिंत बांधायला निधी हवा म्हणून. त्याच भिंतीआड त्याची आई होती, आणि त्याच सभागृहात तो पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला होता. थांबतोय हे तिथेच सांगतो, तो म्हणाला. शेवटी, सगळ्यांचं खाऊन झालं की सांगतो की.

'सांगतो की' म्हणाला होता. जन्मभर ही भाषा बोललेल्या डिम्प्नाने त्यातलं 'सांगतो' तेवढं ऐकलं.

रविवारी प्रार्थना आटोपून गाव फादर व्हेलनसह सरळ सभागृहात आलं. ओल्या कोटांचा वास, पोरांच्या बुटांचा चिखल, दारात मॅलकी हेन सोडतीची तिकिटं फाडत बसलेला. असल्या कार्यक्रमात मंचावर जे शिजतं त्याची सोडत निघते. पाव, टार्ट, केक, ज्याचं तिकीट निघेल त्याचं. सूप मात्र सगळ्यांना पेल्यातून मिळणार होतं. कोलमनने आईचं शुक्रवारचं सूप निवडलं होतं: धुरी दिलेला हॅडक मासा, दूध, बटाटा, कांद्याची पात. मासा मुळातच खारट. डिम्प्नाने तो दुधात घालताना चाखला आणि मनाशी म्हणाली, याला आता मिठाचा कणसुद्धा नको. मंचावर मांडलेल्या भट्टीच्या दांडीवर तिने कार्यक्रमाआधीच फडकं टांगलं, कोलमनकडे बघितलं, त्याने पापणी हलवली. मग ती मागच्या स्वयंपाकघरात गेली, कारण सोडतीचे पाव तिथल्या भट्टीत होते. मधल्या भिंतीत वाढण्याची खिडकी होती. तिथून मंच दिसायचा.

मागच्या स्वयंपाकघरावर कन्सेप्टा मिनोगची सत्ता होती. गावच्या महिला मंडळाची ती प्रमुख. अंगाने लहान, पण तिने आवरलेल्या खोलीत माणसालाही आपण नीट ठेवले गेलो आहोत असं वाटायचं. कोलमन पातेल्यात कांदा घालत, आईच्या कंजूषपणाच्या गोष्टी सांगत, लोकांना हसवत होता तेव्हा कन्सेप्टा बाजूच्या पायऱ्यांनी हळूच मंचावर गेली, दांडीवरचं ओलं फडकं उचललं आणि खाली आणून बादलीत टाकलं.

डिम्प्नाने ते खिडकीतून बघितलं. बघितलं आणि तिला क्षणभर कळेना की कुठला अवयव आधी हलवायचा.

"ते राहू द्यायचं होतं, कन्सेप्टा."

"अगं, ओलं होतं. फादरच्या तोंडासमोर ओलं फडकं! पाहुण्यांनी आमच्याकडे फडकी टांगायला आम्ही काय मेलोय?"

डिम्प्नाने पिशवीतून दुसरं फडकं काढलं आणि पायऱ्यांकडे निघाली. ते तिच्या हातातून प्रेमाने काढून घेण्यात आलं. हातात ट्रे घेतलेल्या तिघी बायका वाटेत होत्या, त्या बाजूला झाल्या नाहीत. उलट एकीने खुर्ची पुढे केली. जन्मभर उभी आहेस बाई, आज तरी बस. डिम्प्ना म्हणाली, नको, मला जायलाच हवं. पहिलं नको. त्या हसल्या. ती म्हणाली, खरंच नको, कळत नाही का, जाऊ द्या. दुसरं नको, आणि नेहमीपेक्षा जोरात, म्हणजे हिला संकोच फारच झालेला दिसतो. तिच्या हातात कप आला, बशीत किसमिसाच्या केकचा तुकडा आला, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. फडकं का हवं हे सांगितलं असतं तर वाट मोकळी झाली असती. तेवढंच तिला सांगता येत नव्हतं. एका माणसाची अब्रू तिच्या दातांमागे होती आणि दात मिटलेले ठेवण्याचाच तिला पगार होता.

खिडकीतून कोलमन दिसत होता. त्याने दांडीकडे बघितलं. दांडी चकाकत होती, कन्सेप्टाने जाता जाता पुसलीही होती. त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि या वेळी बोटांतून मीठ खरोखर पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो ढवळत राहिला, आईने एकदा शेजारणीला उसनं मीठ देताना दाणे कसे मोजले ते सांगितलं, पुन्हा दांडीकडे बघितलं. पुन्हा हात वर. डिम्प्नाने कप खाली ठेवला तर कुणीतरी तो भरला. ती उठली. बायकांना वाटलं पाव जळतायत म्हणून उठली. त्यांनी तिला धीर दिला, पाव काढून झालेत, तू बस. तिसऱ्यांदा त्याचा हात वर गेला तेव्हा ती खिडकीशी पोचली होती. तिने फळीवर हात आपटला. हसण्यात तो आवाज बुडाला.

मग पळी. मिटलेले डोळे. "आता घरी आलो," कोलमन म्हणाला, आणि सगळं गाव त्याच्याबरोबर म्हणालं.

डिम्प्ना मंचावर पोचली तेव्हा कन्सेप्टाच्या बायका पेले भरत होत्या. तिने पळीची कड जिभेला लावली. समुद्र होता तो, पांढरा, गरम. दूध नव्हतं, बटाटा उरला नव्हता, आणि पहिला पेला फादर व्हेलनच्या हातात गेला होता.

फादर प्याले. त्यांचा चेहरा तसाच राहिला. कबुलीजबाब ऐकताना राहतो तसा. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा घोट घेतला. त्यांच्यामागे पहिली रांग प्याली, मग दुसरी. डिम्प्नाने उभ्या उभ्या बघितलं, एकेका चेहऱ्यावर काहीतरी येतं आणि आवरलं जातं. एका पोराने तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा आईने त्याच्या मानेमागे दोन बोटं ठेवली आणि त्याने गिळलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कुणी काही ठरवलं नव्हतं. आपल्या माणसाने आपल्या मेलेल्या आईचं सूप आपल्यासाठी केलंय; ते खायचं असतं. पाण्याची भांडी टेबलावरून हातोहात, आवाज न करता फिरत होती. आणि सगळ्यांनी पेले रिकामे केले. पावाने पुसून रिकामे केले.

डिम्प्नाच्या लक्षात आलं की त्यांना कळलंय. नेमकं काय ते नाही, पण कोलमन हॅसेटचं काहीतरी गेलंय हे सगळ्या गावाला एका घोटात कळलंय, आणि उद्या घराघरात त्यावर हळू आवाजात बोललं जाईल. त्याला मात्र कुणी, कधी, सांगणार नाही.

मॅलकी हेन मंचाजवळ आला. डोळे ओले होते, मिठाने की कशाने देव जाणे. कोलमनचा हात हातात घेऊन म्हणाला, "खरं सांगतो पोरा, तुझ्या आईला हे असं जन्मात जमलं नसतं."

कोलमनचा चेहरा उजळला. धक्क्यावर पडल्यापासून डिम्प्नाने तो चेहरा बघितला नव्हता. जीभ नसलेल्या माणसाला लोकांचे चेहरे हीच चव. इतके दिवस तो अनोळखी चेहरे चाखत होता, कॅमेऱ्याचं काळं भिंग चाखत होता. आज घरची माणसं समोर होती, आणि घरची माणसं त्याच्याशी मायेने खोटं बोलत होती.

सोडत झाली. पाव वाटले गेले. मग तो पुढे आला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. डिम्प्ना पायऱ्यांशी उभी होती. तो म्हणाला, आज तुम्हाला एक गोष्ट सांगायला आलो होतो. टेबलावरच्या रिकाम्या पेल्यांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डिम्प्नाला वाटलं, आता सांगेल. तिला बापाच्या घराच्या उघड्या खिडक्या दिसल्या, आणि या वेळी त्या बंद करायच्या नव्हत्या.

"निरोप घ्यायला आलो होतो," कोलमन म्हणाला. "पण ज्या गावाने पेला पुसून खाल्लं त्या गावाचा निरोप कोण घेणार? नाताळात टीव्हीवर थेट येतोय मी. आईचं हेच सूप करणार. बघाल ना?"

कुणीतरी पाण्याचा घोट घेतला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि सुरू झाल्यावर कुणालाच आधी थांबता येईना. बघू की, लोक म्हणाले. बघणार म्हणजे काय. कन्सेप्टा मिनोगही टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता तिने डिम्प्नाकडे बघितलं, मग मंचावरच्या उघड्या दांडीकडे, आणि तिचे हात मंद झाले. तिला काही उमगलं असेल तर ती ते कधीच बोलली नाही. जाताना मात्र दारात तिने डिम्प्नाला गाठलं आणि पावाच्या कागदात गुंडाळलेली दोन्ही फडकी तिच्या हातात दिली. धुतली होती, वाळायला वेळ मिळाला नव्हता. "माफ कर गं," एवढंच म्हणाली. त्या गावात त्याचाही अर्थ काहीही होऊ शकतो.

परतीच्या वाटेवर कोलमन गाडी चालवत होता. सरोवर डाव्या हाताला शिशासारखं पडलेलं. तो गुणगुणत होता. गाव मागे गेल्यावर, दफनभूमीच्या पडक्या भिंतीपाशी, त्याने गाडीचा वेग कमी केला आणि समोर बघतच विचारलं, "डिम्प्ना, दांडीवर फडकं नव्हतं. म्हणून टाकलं मी. खरं सांग, कसं झालं होतं?"

हा तो क्षण होता. त्याने नीट विचारलं होतं, एकदाच, आणि गाडीत तिसरं कुणी नव्हतं. ती त्याच्याकडे वळली. त्याच्या चेहऱ्यावर अजून तो उजेड होता. तिने तोंड उघडलं तेव्हा आत तिला तिची आई, तिच्या मावश्या, जोगिणी, कन्सेप्टा, सगळ्या उभ्या दिसल्या, हातात चहाचे कप घेऊन, वाट अडवून.

"गरम होतं," ती म्हणाली. "गारठ्यात लोकांना बरं वाटलं."

तो हसला. मग म्हणाला, नाताळच्या वेळी फडक्याचं काय करायचं ते बघू या. गाडीने वेग घेतला. कागदातून पाणी झिरपत डिम्प्नाच्या स्कर्टवर उतरत होतं, मांडीला गार लागत होतं. तिने पुडकं उचललं नाही. ठेवायला दुसरी जागाच नव्हती.